दुसऱ्या सीटवर कोण?

माही हे एका छोट्या विमानाचं नाव. सीट दोन, इंजिन एकच आणि तेही ८० हॉर्सपॉवरचं, म्हणजे तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या साध्या हॅचबॅक कारएवढं. ३० जुलै २०१८ रोजी मुंबईच्या आरोही पंडित आणि कीथेअर मिस्किटा या दोघी मैत्रिणी माहीला घेऊन पटियालाहून जगप्रदक्षिणेला निघाल्या. पुढे अटलांटिक आणि ग्रीनलंडचा बर्फ ओलांडायची वेळ आली, तेव्हा दुसरी सीट लाइफ राफ्ट आणि ऑक्सिजनला द्यावी लागली. मे २०१९ मध्ये २३ वर्षांची आरोही एकटीच स्कॉटलंडहून आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडाला पोहोचली.

सगळ्यांनी तिच्या धाडसाचं कौतुक केलं. मला मात्र त्या सीटच्या निर्णयाचं जास्त वाटतं. सोबतीला मैत्रीण हवी की ऑक्सिजन, हे जमिनीवर बसून, किलोकिलोचा हिशोब करून ठरवायचं होतं. लहान विमानाने डोंगर ओलांडायचा म्हणजे निम्मं काम असं कागदावरच असतं.

पहिला हिशोब हवेचा. उंचावर हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाची ताकद दर १,००० फुटांमागे साधारण ३ टक्क्यांनी घटते. त्यात ऊन असेल तर आणखी पंचाईत. शिमल्याचं विमानतळ सुमारे ५,००० फुटांवर आहे. तिथे ३० अंश तापमान असेल, तर विमानाला आपण ८,००० फुटांवर आहोत असंच वाटतं. धावपट्टी तेवढीच, पण उचल कमी. दिल्ली-शिमला मार्गावर मोठ्या प्रवासी विमानांनाही यामुळे कमी प्रवासी घ्यावे लागले आहेत. मग चार सीटच्या विमानात चौघं, त्यांच्या बॅगा आणि टाकी फुल्ल, हे जमणार कसं? कोणीतरी घरी थांबतं, नाहीतर वाटेत पेट्रोलसाठी एक थांबा वाढतो.

दुसरा हिशोब वाऱ्याचा. नदीतल्या दगडावरून पाणी पलीकडे जसं कोसळतं, तसाच वारा डोंगरमाथ्यावरून पलीकडच्या बाजूला खाली येतो. तो छोट्या विमानाला चढण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने खाली दाबू शकतो. म्हणून माथ्यापेक्षा निदान २,००० फूट वर राहायचं आणि धारेकडे सरळ न जाता ४५ अंशांत तिरकं जायचं, म्हणजे नाही जमलं तर पटकन वळता येतं. माथ्यावर वारा ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे असेल तर त्या दिवशी चहा पीत बसावं. निघायचं ते सकाळीच, कारण दुपारी ढग चढतात आणि दऱ्यांमधली हवा उसळते.

आणि इंजिन बंद पडलं तर? माही ग्लायडरच्या जातीची. १ किलोमीटर उंचीवरून शांत हवेत ती २५ किलोमीटरच्या आसपास तरंगत जाऊ शकते. नेहमीचं सेसना १७२ जेमतेम ९ किलोमीटर जातं. त्यामुळे नकाशावर सर्वांत जवळची रेघ ओढून भागत नाही. खाली शेत, नदीचं पात्र, रस्ता दिसत राहील अशी दरीदरीने जाणारी लांबची वाट धरायची. पेट्रोल जास्त लागलं तर लागू दे.

राहता राहिले घरचे. फ्लाइट प्लॅनमध्ये पोहोचायची वेळ द्यावी लागते, कारण विमान वेळेवर आलं नाही तर शोधाशोध त्यावरूनच सुरू होते. घरी सांगायची गोष्ट मात्र वेगळी आहे. पलीकडे लग्न आहे, मामा गाडी घेऊन थांबलेत, सगळे वाट बघतायत, या दडपणाखाली भल्याभल्यांनी ढगात विमान घातलं आहे. तेव्हा निघतानाच फोन करून सांगावं, "मामा, अकरापर्यंत आलो नाही तर आम्ही परत फिरलो असं समजा. जेवायला थांबू नका."