देवाच्या जागेवरून



पवित्र गुरुवार जवळ आला की आमच्या प्रभुमंदिरातील पितळी घंगाळ चिंचेने घासून लख्ख केले जाते. त्या सायंकाळी धर्मगुरू मिस्साचा वरचा झगा उतरवून ठेवतो, कमरेला पंचा गुंडाळतो आणि गावातील बारा जणांचे पाय धुतो. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी पवित्र आठवड्यातील विधींची सुधारणा केली, तेव्हापासून लहानमोठ्या धर्मग्रामांतही हा विधी सायंकाळच्या मिस्सात होऊ लागला. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यात स्त्रियांनाही बसविण्याची अनुज्ञा दिली. मुले हा विधी मोठ्या कुतूहलाने पाहतात. मला मात्र ते घंगाळ पाहिले की माझ्या हातून घडलेला एक अपराध आठवतो. तो आज आपणांस सांगणार आहे. कारण ईश्वराने दिलेला अधिकार कसा वापरावा, हे मला ग्रंथांपेक्षा त्या अपराधानेच अधिक शिकविले.

सर्व अधिकाराचा उगम देवामध्ये आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. मला सोडण्याचा व क्रूसावर देण्याचा अधिकार आहे, असे पिलाताने म्हटले, तेव्हा प्रभूने त्याला शांतपणे जाणीव दिली की, हा अधिकार वरून मिळाला नसता तर तो त्याच्यापाशी असताच ना. पित्याचा मुलांवर, शिक्षकाचा विद्यार्थ्यांवर, सरपंचाचा गावावर आणि धर्मगुरूचा धर्मग्रामावर जो अधिकार चालतो, तो याच अर्थाने वरून आलेला असतो. एवढेच नव्हे, तर बाप्तिस्म्याच्या वेळी आपणा प्रत्येकाच्या मस्तकावर पवित्र तेलाचा अभ्यंग झाला आहे. आणि ख्रिस्ताच्या याजकीय, प्रवक्त्याच्या व राजाच्या कार्यात सर्वच बाप्तिस्मा झालेले लोक सहभागी आहेत, हे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली स्पष्टपणे सांगितले आहे. तेव्हा अधिकार ही केवळ पाद्री आणि पुढारी यांची गोष्ट आहे, असे समजून कोणी हे पान उलटू नये.

या शिकवणुकीतून दोन अनुमाने निघू शकतात. एक असे : माझा अधिकार देवाचा आहे, म्हणून मी म्हणेन ते देवाचेच म्हणणे. दुसरे असे : माझा अधिकार देवाचा आहे, म्हणून तो माझा नाही. पहिले अनुमान मनाला फार गोड वाटते. पण खरे आहे ते दुसरे. शेजाऱ्याचे बैल आपण पेरणीसाठी उसने आणतो, तेव्हा त्यांच्यावर आपल्या बैलांपेक्षाही अधिक जपून हात टाकतो. सायंकाळी त्यांना चारापाणी करून धन्याच्या गोठ्यात परत बांधावयाचे असते, आणि पाठीवर वळ दिसले तर धनी विचारणार असतो. अधिकार हे असे उसने बैल आहेत.

हे सारे मला सेमिनरीत शिकविले होते, आणि मीही ते प्रवचनातून अनेकदा सांगितले होते. तरी काही वर्षांपूर्वी, सीमाभागातील एका खेड्यात धर्मगुरू असताना, मी पहिल्याच अनुमानाच्या आहारी गेलो.

तेथे दोन शेजाऱ्यांमध्ये शेताच्या बांधावरून तंटा उत्पन्न झाला. दोघेही आमच्याच धर्मग्रामातील. एक सुखवस्तू, सणाला मंडपाचा खर्च उचलणारा, माझ्याकडे नित्य येणारा-जाणारा. दुसरा थोड्या जमिनीचा धनी, अबोल, मिस्सा ऐकून मुकाट्याने घरी जाणारा. पहिला माझ्याकडे आला. शेजाऱ्याने हद्दीचा दगड सरकवून हातभर जमीन गिळली, असे त्याने सांगितले. मी ऐकले आणि मानले. दुसऱ्याला बोलावून विचारण्याची बुद्धी मला झाली नाही. त्या रविवारी मी सातव्या आज्ञेवर प्रवचन केले. शेजाऱ्याचा बांध कोरणारा मनुष्य ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास कोणत्या तोंडाने पुढे येतो, असे मी वेदीजवळ उभा राहून विचारले. नाव घेतले नाही. घेण्याची आवश्यकताच नव्हती. सर्वांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

पुढच्या रविवारपासून तो मिस्साला येईनासा झाला. त्याची पत्नी मुलांना घेऊन येई आणि अगदी दाराशी बसे. पुढे उन्हाळ्यात सरकारी मोजणी झाली. दगड होता तेथेच होता. बांध कोरला गेला होता खरा, पण तो सुखवस्तू शेजाऱ्याच्या नांगराने.

मोजणीची वार्ता कळल्यावर मी त्याच दिवशी त्याच्या घरी जावयास हवे होते. मी गेलो नाही. धर्मगुरू एखाद्याच्या दारात जाऊन क्षमा मागू लागला तर गुरुपदाची प्रतिष्ठा काय राहील, असे मी मनाशी म्हणत राहिलो. ती काळजी गुरुपदाची नव्हती, माझीच होती. पाऊस गेला, सुगी झाली, आणि पुढचा उपवासकाळ उजाडला, तेव्हा कोठे मी त्याच्या दारी गेलो. त्याने घोंगडी अंथरली, तांब्याभर पाणी पुढे ठेवले. मी क्षमा मागितली, आणि विचारले, “अहो, पण तुम्ही माझ्याकडे येऊन का सांगितलं नाही? दगड हलला नाही, एवढंच सांगायचं होतं.”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “फादर, शेजारी बोलला, त्याला मी उत्तर दिलं. पंचायतीत कोणी बोललं असतं तर तिथंही दिलं असतं. तुम्ही देवाच्या जागेवरून बोललात. तिथं मी कुणाला उत्तर देणार?”

बंधुभगिनींनो, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. सत्ताधारी मनुष्य अन्याय करतो, तेव्हा गांजलेला जीव निदान देवाकडे धाव घेतो. परंतु देवाच्या नावाने अन्याय झाला, म्हणजे त्याची तीही वाट बंद होते. ज्याचा अधिकार देवाशी जितका अधिक जोडलेला, त्याचा शब्द तितका अधिक निरुत्तर करणारा. आणि म्हणूनच त्याचे उत्तरदायित्वही तितकेच मोठे.

दुसऱ्या रविवारी मी त्याच जागी उभा राहिलो आणि माझी चूक सरळ शब्दांत सांगितली. दोन जाणत्या गृहस्थांनी नंतर मला बाजूला घेऊन म्हटले, “फादर, हे वेदीवरून सांगायला नको होतं. लोकांचा धाक जातो.” मी म्हणालो, “आरोप जिथून केला, तिथूनच तो परत घ्यायला हवा.”

यावरून कोणी असे मात्र समजू नये की, अधिकार न वापरणे हाच सुरक्षित मार्ग. पिलाताने तोच मार्ग धरला. समोरचा मनुष्य निर्दोष आहे, हे त्याला पटले होते आणि त्याला सोडविण्याची सत्ता त्याच्या हाती होती. तरी लोकांचा गलबला वाढताच त्याने पाणी मागविले आणि हात धुतले. आदल्याच रात्री प्रभूनेही पाणी घेतले होते, ते शिष्यांचे पाय धुण्यासाठी. मुलगा दारूच्या गुत्त्यावर बसतो हे ठाऊक असूनही गप्प राहणारा पिता, विधवेची जमीन बळकावली जाताना मान खाली घालणारा पंच, हेही हातच धुत असतात. दिलेला अधिकार जमिनीत पुरून ठेवणाऱ्यालाही हिशेब द्यावा लागेल.

या दोन्ही दोषांतून वाट कशी काढावी, हे आपल्याच बाजूच्या एका संताने दाखविले आहे. संत जोसेफ वाझ यांचा जन्म १६५१ साली गोव्यात बाणावली येथे झाला. १६७६ साली ते धर्मगुरू झाले. आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पवित्र मातेच्या चरणी एक दास्यपत्र लिहून दिले, त्यात स्वतःस तिचा बंदा गुलाम म्हटले. अधिकाराच्या जागा त्यांच्याकडे आल्या त्या यानंतर. १६८७ साली ते श्रीलंकेत गेले, तेव्हा तेथील डच सत्तेने कॅथॉलिक उपासनेस बंदी घातली होती. ते दरिद्री मजुराच्या वेषात हिंडले; कँडीच्या राज्यात हेर समजून त्यांना बंदिवासात टाकण्यात आले. १६९६ साली तेथील ख्रिस्तसभेचा कारभार त्यांच्याकडे सोपविण्यात आला. लगोलग १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. लोक आपल्या रोग्यांना टाकून पळू लागले, तेव्हा या कारभाऱ्याने त्या रोग्यांना स्वतःच्या हातांनी धुतले, भरविले आणि मेलेल्यांना पुरले. पुढे बिशपपदाची गोष्ट निघाली असता त्यांनी नकार दिला. पण काम टाकले नाही. १७११ साली कँडीतच त्यांनी देह ठेवला, आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले.

आता आपल्या घराकडे वळू. घरातही देवाची एक जागा आहे, आणि तेथे मातापिता बसतात. चौथी आज्ञा मुलांना त्यांचा मान राखावयास सांगते. परंतु संत पौलाने मुलांना आज्ञापालन सांगितल्यावर लागलीच पित्यांनाही बजावले आहे की, मुलांना चिरडीस आणू नका. मुलीच्या मनाविरुद्ध स्थळ ठरवून “आईबापाचा शब्द म्हणजे देवाचा शब्द” असे तिला ऐकविणारा पिता त्या जागेवरून खोटे बोलत असतो. कारण बळजबरीने वा भयाने दिलेली संमती ख्रिस्तसभेच्या कायद्याने विवाहच घडवीत नाही. “देव तुला पाहून घेईल” असे सुनेला म्हणणारी सासूही देवाला आपल्या भांडणात साक्षीदार म्हणून ओढीत असते.

म्हणून अधिकाराचा शब्द उच्चारण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावे : मी दुसरी बाजू ऐकली काय? हा शब्द त्याच्या हितासाठी आहे, की माझ्या मानासाठी? त्याला उत्तर देण्यास मी जागा ठेवली आहे काय? आणि चुकलो, तर जेथे बोललो तेथेच तो शब्द परत घेण्याची माझी तयारी आहे काय?

त्या वर्षीच्या पवित्र गुरुवारी मी त्या शेतकऱ्याला बारा जणांत बसण्याची विनंती केली. त्याने नकार दिला. ईस्टरच्या मिस्साला आला, पण मागे, दाराशी बसला. दुसऱ्या वर्षी मी विचारले नव्हते. तो आपण होऊन आला आणि शेवटच्या पाटावर बसला. त्याच्या टाचांना खोल भेगा होत्या आणि त्यांत शेताची काळी माती कायमची बसलेली होती. मी पाणी घातले, पाय पुसले. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

येत्या पवित्र गुरुवारी घंगाळ पुन्हा वेदीपुढे येईल. त्या वेळी, ज्यांच्यावर आपला शब्द चालतो अशा एकेकाला डोळ्यांपुढे आणा, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. मजसाठीही करा.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू