मोंढ्याचे गणित आणि दलाल स्ट्रीटचे गणित

मंठा तालुक्यातील एका ओळखीच्या शेतकऱ्याचा मुलगा मध्यंतरी भेटावयास आला होता. वाणिज्य शाखेची पदवी पदरात आहे, घरी सात एकर कोरडवाहू जमीन आहे आणि नोकरी नाही. म्हणजे आपल्या जिल्ह्यातील असंख्य तरुणांची जी अवस्था तीच त्याची. त्याने विचारले, "काका, शेअर बाजारात किंवा एखाद्या वित्त कंपनीत नोकरी करायची म्हटली तर गणित किती लागतं? दहावीला मला जेमतेम पंचेचाळीस मार्क होते." एका शिकवणी वर्गात त्याला सांगण्यात आले होते की गणिताची काडीमात्र गरज नाही, मोबाइलवरचे आलेख वाचता आले म्हणजे झाले. दुसऱ्या कोणी सांगितले होते की आयआयटीच्या गणितज्ञांवाचून तेथे कोणाला उभेही करीत नाहीत. दोघेही अर्धे खरे बोलत होते, आणि त्या दोन अर्ध्यांमधल्या फटीत आपली मुले पडत आहेत. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर येथे जाहीरपणे द्यावेसे वाटते.

प्रथम विक्रीची गोष्ट. म्युच्युअल फंड विकणाऱ्या वितरकास सेबीने २००६ साली स्थापन केलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेची परीक्षा द्यावी लागते. शंभर प्रश्न, शंभर गुण, दोन तासांचा वेळ; पन्नास गुण मिळाले की उत्तीर्ण, चुकलेल्या उत्तराला दंड नाही. तीत लागणारे गणित टक्केवारी, सरासरी आणि चक्रवाढ व्याज यांच्या फारसे पलीकडे जात नाही. विमा, कर्ज, ठेवी विकणाऱ्यांचेही तेच. तेथे गणितापेक्षा जीभ चालावी लागते आणि महिनाअखेरीस नेमून दिलेला आकडा गाठावा लागतो. दलालाच्या कचेरीत बसून गिऱ्हाइकांचे सौदे टाकणाऱ्यास तोंडी हिशोब वेगाने यावा लागतो. पण तोही आपल्या आजोबांच्या पिढीतील पावकी, निमकी, दिडकी पाठ असणाऱ्या मुनिमाला हसत जमला असता.

खरे कठीण गणित लागते ते तिसऱ्या ठिकाणी. मोठ्या संस्थांत ऑप्शनची किंमत ठरविणारे, संगणकाकडून आपोआप सौदे करविणारे जे मूठभर लोक बसतात, त्यांना कलनशास्त्र, संभाव्यता आणि संख्याशास्त्र यांचा पक्का पाया लागतो. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ साली ऑप्शनच्या किमतीचे सूत्र मांडले, तेव्हापासून हा मार्ग रुंदावत गेला. शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांना त्याबद्दल १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी, हे दोघे ज्या कंपनीत भागीदार होते ती अमेरिकेतील कंपनी बुडण्याच्या बेतात येऊन इतर बँकांना धावून जावे लागले. असो. गणित शहाणपणाची हमी देत नाही, हे त्या दोघांचा अनादर न करताही म्हणता येईल.

तेव्हा त्या मुलाला माझे उत्तर असे की, विकावयाचे असेल तर तुझे पंचेचाळीस गुण पुरेसे आहेत. पण मला खटकते ते येथेच. विकणाऱ्याला आठवीचे गणित पुरते; ज्याला विकले जाते त्याला मात्र त्याहून पुष्कळ अधिक यावे लागते, आणि ते त्याला कोणीही शिकवीत नाही.

एक साधे उदाहरण घ्या. बचत गटातील एखाद्या भगिनीला एक लाख रुपये कर्ज 'फक्त बारा टक्के' दराने देऊ केले जाते. वर्षाचे व्याज बारा हजार, एकूण एक लाख बारा हजार, बारा समान हप्ते. हप्ता नऊ हजार तीनशे तेहेतीस रुपये. हिशोब चोख दिसतो. परंतु पहिल्या हप्त्यापासूनच मुद्दल फिटू लागलेले असते. वर्षभर तिच्याकडे सरासरीने पन्नास-पंचावन्न हजारच राहतात आणि व्याज मात्र ती पूर्ण लाखावर भरते. घटत्या शिलकेवर मोजले तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. सावकाराचा दर निदान तोंडावर सांगितलेला असे.

किंवा ज्याला 'एकच टक्का' म्हणून हसून सोडून दिले जाते तो खर्च घ्या. एक लाख रुपये वीस वर्षे बारा टक्क्यांनी वाढले असे धरले तर त्यांचे सुमारे नऊ लाख पासष्ट हजार होतात. अकरा टक्क्यांनी वाढले तर आठ लाख सहा हजार. एका टक्क्याची किंमत मूळ रकमेच्या दीडपटीहून अधिक भरते.

हे मुंबईचे झाले म्हणून कोणी दूर लोटू नये. जालन्याच्या नव्या मोंढ्यातही गणिताची हीच विषम वाटणी आहे. सोयाबीनसाठी बारा टक्के ओलाव्याची अट असते. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने हमीभावाच्या खरेदीपुरती ती पंधरा टक्क्यांपर्यंत सैल केली, पण व्यापाऱ्याच्या ढिगापाशी ओलाव्याचे यंत्र लावून भाव पाडण्याची रीत काही बदलली नाही. आता पाहा. पंधरा टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलात कोरडा माल पंच्याऐंशी किलो. तोच माल बारा टक्क्यांवर आणला तर वजन भरेल शहाण्णव किलो सहाशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे न्याय्य घट साडेतीन किलोंहूनही कमी. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता. त्या दराने क्विंटलमागे सुमारे १६७ रुपये. वाळवणीचा खर्च निराळा धरा, पण घटीपोटी याहून जे कापले जाते त्याला ओलावा हे नाव देण्याचे कारण नाही. हा हिशोब त्रैराशिकाचा आहे. पाटणच्या भास्कराचार्यांनी साडेआठशे वर्षांपूर्वी लीलावतीत तो व्यापाराच्याच उदाहरणांनी शिकविला. अडत्याला तो येतो. गाडी लवकर रिकामी करून भाडे वाचवू पाहणाऱ्या शेतकऱ्याला तो करावयास उसंतही नसते.

बापाने मोंढ्यात मार खाल्ला म्हणून मुलगा मोबाइल उघडतो. तेथे काय घडते ते सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केले आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजारातील फ्युचर्स-ऑप्शनचे सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या; एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर. खर्च वजा जाता लाखाहून अधिक कमावणारे अवघे एक टक्का. २०२३-२४ मध्ये हे सौदे करणाऱ्यांत ४३ टक्के तिशीच्या आतले होते आणि ७२ टक्के मोठ्या तीस शहरांच्या बाहेरचे, म्हणजे आपल्यासारख्या गावांतले. त्याच वर्षी स्वतःच्या पैशावर व्यवहार करणाऱ्या दलाल संस्थांनी ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी २८ हजार कोटी रुपयांचा ढोबळ नफा मिळविला, आणि त्या नफ्यातील ९६-९७ टक्के वाटा संगणकाने केलेल्या सौद्यांचा होता. वर सांगितलेले तिसऱ्या प्रकारचे गणितज्ञ जातात कोठे, याचे उत्तर येथे आहे. मंठ्याचा मुलगा आलेखावर रेघा ओढतो त्या वेळी समोर ते बसलेले असतात. जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या न्यूयॉर्कच्या कंपनीवर निर्देशांकात फेरफार केल्याचा ठपका ठेवून ४,८४३ कोटी रुपये जप्त करण्याचा अंतरिम आदेश काढला. कंपनीने आरोप नाकारला आहे आणि तिच्या दोषाचा निवाडा न्यायाधिकरणे करतील. पण या खेळातील एका खेळाडूचे आकारमान तरी त्यावरून कळावे.

याच सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे बंद केले आणि ती बंदी पुढे वेळोवेळी वाढविली. वायदेबाजार शेतकऱ्याचा कैवारी आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु बापाला पेरणीच्या वेळी पुढचा भाव दिसू शकेल असे दार भाववाढीच्या धास्तीने लावून घ्यावयाचे आणि मुलाला घालवावयाचे दार सताड उघडे ठेवावयाचे, ही नीती कोणाच्या सोयीची आहे?

आणि शाळा काय करीत आहे? राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात २०२४ साली अशी तरतूद आली की दहावीला गणित-विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढे जाता यावे, मात्र त्या विषयांवर आधारलेले शिक्षण त्याला घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर असावा. नापासाच्या शिक्क्याने शाळा सुटू नये हा हेतू चांगला आहे. पण शिक्षकांची पदे रिकामी ठेवून, न शिकविलेल्या गणिताची माफी द्यावयाची, हे औदार्य स्वस्त आहे. शहरातील मुलगा खासगी वर्गात कलनशास्त्र शिकेल. परतूर-घनसावंगीच्या मुलाला वीस गुणांत मोकळे केले जाईल, आणि पुढे पहिला दुसऱ्याला कर्ज विकेल.

त्या मुलाला मी विक्रीच्या नोकरीपासून परावृत्त केले नाही. पोट प्रत्येकाला आहे. एवढेच सांगितले की जी वस्तू विकशील तिचा घटत्या शिलकेवरचा दर आधी स्वतः काढ आणि गिऱ्हाइकाला तोच सांग. त्याने नोकरी टिकेल की नाही हे मला ठाऊक नाही. ओलाव्याचा हिशोब मात्र त्याने माझ्यासमोर बसून वहीच्या पानावर तेरा टक्क्यांपासून अठरा टक्क्यांपर्यंत मांडला, क्विंटलमागे किती किलो घट धरावी याचा तक्ता केला आणि पान फाडून वडिलांसाठी खिशात घातले. असाच तक्ता, सोप्या मराठीत आणि ठळक अक्षरांत, जिल्ह्यातील प्रत्येक बाजार समितीने आपल्या तोलकाट्याशेजारी लावावा. खर्च एका पत्र्याचा आणि रंगाच्या डब्याचा आहे. येत्या सोयाबीनच्या हंगामापूर्वी आपल्या समितीने तो लावला की नाही, हे वाचकांनी मोंढ्यात जाऊन पाहावे आणि नसेल तर सचिवांना विचारावे.