बर्फाचे बूच

दिवाळीच्या शटडाऊनच्या याद्या सध्या बहुतेक औषध कारखान्यांत टेबलावरून टेबलावर फिरत असतील. पंपाचे सील, हीट एक्स्चेंजर, गेजचे कॅलिब्रेशन, सगळे त्यात असते. प्युरिफाइड वॉटरच्या लूपवरचा एखादा व्हॉल्व्ह पास होतोय, हे मात्र लाईन उघडल्यावर, पहिल्याच रात्री कळते. मग हाताला लागेल ते चढते : टेफ्लॉन टेप, एम-सील, नाहीतर स्कूटरच्या ट्यूबची पट्टी आणि वर होज क्लॅम्प.

कूलिंग टॉवरच्या लाईनवर हे खपते. इथे खपत नाही. ज्या पाण्याची कंडक्टिव्हिटी 25 अंशांना 1.3 मायक्रोसीमेन्सच्या आत आणि टीओसी 500 पीपीबीच्या आत ठेवायचा, त्याच्या वाटेत एपॉक्सी नको, हे वेगळे सांगायला नको. त्याहून वाईट म्हणजे, पाणी बाहेर येते ती वाट आत यायलाही मोकळी असते. पंप थांबला, दाब पडला की पट्टीखालचा ओलावा आत ओढला जातो, आणि स्यूडोमोनाससारख्या जंतूंना एवढे पुरते.

गळती बॉनेटमधून असेल तर काम सोपे. गरम सॅनिटायझेशननंतर ईपीडीएमचा डायफ्रॅम बसतो, म्हणून लूप थंड झाल्यावर बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, ठरलेल्या टॉर्कने पुन्हा आवळायचे. व्हॉल्व्ह सीटवरून पास होत असेल तेव्हा खरी पंचाईत. तिथे हँडव्हीलला पाना लावून जोर काढणारे महाभाग प्रत्येक पाळीत एक तरी सापडतात. त्या जोराने वीअरवर डायफ्रॅम कापला जातो आणि ठिबकणारे पाणी वाहू लागते.

लूपमध्ये आयसोलेशनची सोय मुळातच कमी असते, आणि ती मुद्दाम कमी ठेवलेली असते. प्रत्येक जादा व्हॉल्व्ह म्हणजे पाणी साचायला एक जागा. झीरो डेड लेग व्हॉल्व्हची बॉडी तर मुख्य प्रवाहातच बसलेली. तिचे बॉनेट काढणे म्हणजे लूपच उघडणे. एका डायफ्रॅमसाठी टाकीसह सगळा लूप रिकामा करायचा का, असा प्रश्न मग पडतो.

अशा वेळी लिक्विड नायट्रोजनने पाईप गोठवण्याची पद्धत आपल्याकडे अजून म्हणावी तशी वापरली जात नाही. पाईपभोवती जॅकेट बसवून उणे 196 अंशांचा नायट्रोजन सोडला की पाणी भिंतीकडून मध्याकडे गोठत जाते आणि त्याचेच बूच तयार होते. शुद्ध पाण्यासाठी याहून चांगले बूच नाही, कारण ते वितळल्यावर मागे काहीच उरत नाही. 316एल स्टीलला ही थंडी सोसते. पॉलिप्रॉपिलीन मात्र शून्याच्या आसपासच ठिसूळ होते. पीव्हीडीएफच्या लूपवरही हा प्रयोग करू नये.

यातली मेख अशी की, वाहते पाणी गोठत नाही. व्हॉल्व्ह पास होतोय म्हणजे पाणी वाहतेच आहे, आणि ती बारीक धारही मधले भोक बुजू देत नाही. म्हणून आधी उघड्या टोकाला ट्राय-क्लोव्हर क्लॅम्पने डमी मारायची, तीही प्रेशर गेज आणि ब्लीड असलेली. पाईप पूर्ण भरलेला आणि गार हवा. वर हवेची पोकळी राहिली तर बूच अर्धवटच बसते. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, त्यामुळे बंद बाजूचा काटा चढू लागेल. तो चढला की थोडा दाब सोडायचा. शेवटी काटा शून्यावर आणून बघायचे. तिथेच टिकला तर बूच धरले. चढला तर लाईन उघडायची नाही, वर कोणीही कितीही फोन करो.

जॅकेटची जागा वेल्डपासून आणि डायफ्रॅमपासून लांब, सरळ पाईपवर. काम संपेपर्यंत नायट्रोजन चालू आणि माणूस जागेवर. बूच आपोआप वितळू द्यायचे. गॅसची शेगडी लावून पाईप निळा-पिवळा करून ठेवला तर पॅसिव्हेशनचे काम वाढते. आणि लूप ज्या फॉल्स सीलिंगच्या वर धावतो तिथे हवा खेळत नाही. एक लिटर नायट्रोजनचा सुमारे 700 लिटर वायू होतो, त्याला ना रंग ना वास. ऑक्सिजन मीटर 19.5 टक्क्यांखाली गेला की सगळ्यांनी खाली उतरायचे.

बर्फाने सॅनिटायझेशन टळत नाही, हेही क्यूएला आधीच सांगून ठेवा. लाईन उघडली म्हणजे 80 अंशांचे सॅनिटायझेशन आले, नमुने आले, आर२ए आगरवरच्या निकालाची पाच दिवसांची वाट आली. वाचते ते टाकी आणि उरलेला लूप रिकामा करणे.

आमचे मत स्पष्ट आहे : तात्पुरता उपाय तोच, जो त्याच रात्री डायफ्रॅम बदलून काढता येतो. तेव्हा या आठवड्यात पी अँड आयडी घेऊन लूपखालून एक फेरी मारा. डमी कुठे बसेल, जॅकेटला सरळ पाईप कुठे मिळेल, यावर खुणा करा. आणि शटडाऊनच्या यादीत डायफ्रॅमचे साइझ आणि नग लिहिलेले नसतील तर त्या यादीवर सही करू नका.