‘असेल’, ‘असावे’ आणि ‘असलेच पाहिजे’



गेल्या महिन्यात आमच्या परिचयाच्या एका व्यापारी कुटुंबातील तरुण चिरंजीव आपला मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात त्यांची आजोबांपासूनची मसाल्याची पेढी आहे आणि अलीकडे थोडा माल आखाती देशांत जाऊ लागला आहे. तेथील एका ग्राहकाकडून शुक्रवारी रक्कम यावयाची होती, ती आली नाही. सोमवारी यांनी इंग्रजीत लिहिले, ‘यू मस्ट हॅव पेड ऑन फ्रायडे.’ तासाभरात उत्तर आले, ‘येस, थँक यू फॉर कन्फर्मिंग.’

“काका, मी तगादा लावला आणि हा गृहस्थ माझेच आभार मानतो आहे!” चिरंजीवांची ही तक्रार.

ग्राहक धूर्त होता की सरळ, हे मी सांगू शकत नाही; परंतु त्याचे इंग्रजी बिनचूक होते. आमच्या चिरंजीवांच्या मनात होते, ‘तुम्ही शुक्रवारी पैसे भरायला हवे होते.’ कागदावर उतरले ते, ‘तुम्ही शुक्रवारी पैसे भरलेच असणार.’ पहिल्या वाक्यात तगादा आहे, दुसऱ्यात विश्वास आहे. ‘शुड हॅव पेड’ लिहिले असते तर पहिला अर्थ पोहोचला असता. एका साहाय्यक क्रियापदाने येणे रकमेची जणू पोच देऊन टाकली!

ही चूक आपल्याकडे इतकी सार्वत्रिक आहे की तिचे मूळ एकदा पाहिलेच पाहिजे. मराठीत शक्यता, खात्री, कर्तव्य हे सारे आपण बहुधा क्रियापदाच्या रूपातूनच सांगतो. शाळेत आपण स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ शिकलो, ते हेच. ‘असतो’, ‘असेल’, ‘असावा’, ‘असता’ अशी रूपे बदलली की बोलणाऱ्याची खात्री किती, ते ऐकणाऱ्याला कळते. इंग्रजीत मूळ क्रियापद जागचे हलत नाही; त्याच्यापुढे मस्ट, मे, माइट, कुड, शुड असा एखादा पहारेकरी उभा राहतो आणि सारा अर्थ त्याच्या हाती असतो. पहारेकरी चुकला की घर चुकले.

एक साधा प्रसंग घेऊ. सकाळचे साडेअकरा वाजले आहेत आणि लक्ष्मी रस्त्यावरील ओळखीचे दुकान बंद आहे. शेठजी कधी खाडा करीत नाहीत, म्हणून आपण म्हणतो, ‘आजारी असणार’. येथे ‘मस्ट बी’. खात्री कमी असेल तर म्हणतो, ‘आजारी असतील’. येथे ‘मे बी’. ‘आजारी असूही शकतील, कोण जाणे’ असे म्हणावयाचे तर ‘माइट बी’ किंवा ‘कुड बी’. आणि काल रात्रीच ते ठणठणीत भेटले होते, तेव्हा ‘आजारी असणे शक्यच नाही’. येथे मात्र ‘मस्ट नॉट बी’ असे लिहू नये, ‘कान्ट बी’ लिहावे. आपल्या वाचकाला ‘मस्ट नॉट’मध्ये प्रथम मनाईच ऐकू येते.

हाच प्रसंग कालचा असेल तर? पहारेकरी तेच राहतात. त्यांच्या मागे ‘हॅव’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप येते. ‘गावाला गेले असणार’ म्हणजे ‘मस्ट हॅव गॉन’. ‘गेले असतील’ म्हणजे ‘मे हॅव गॉन’. ‘गेले असणे शक्य नाही’ म्हणजे ‘कान्ट हॅव गॉन’. या जागी ‘हॅव’ कधीही बदलत नाही. ‘ही मस्ट हॅज’ किंवा ‘ही शुड हॅड’ ही रूपे इंग्रजीत नाहीत. आपल्या पत्रव्यवहारात मात्र ती रोज भेटतात.

खरी गल्लत यापुढे होते. वर्तमानकाळात ‘मस्ट’ला दोन अर्थ आहेत: ‘जायलाच हवे’ हे कर्तव्य आणि ‘असणारच’ हे अनुमान. भूतकाळात गेल्याबरोबर या दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘मस्ट हॅव गॉन’मध्ये केवळ अनुमान उरते. ‘मला काल बँकेत जावे लागले’ हे कर्तव्य सांगावयाचे तर ‘हॅड टू गो’ म्हणावे लागते. ‘जायला हवे होते, पण गेलो नाही’ यासाठी ‘शुड हॅव गॉन’. ‘जाऊ शकलो असतो, पण गेलो नाही’ यासाठी ‘कुड हॅव गॉन’. ‘गेलो खरा, पण जाण्याची गरज नव्हती’ यासाठी ‘नीडन्ट हॅव गॉन’. आणि ‘काल गर्दी असूनही मी वेळेत धनादेश भरू शकलो’ अशा एकदा साधलेल्या कामासाठी ‘कुड’ पुरत नाही. तेथे ‘वॉज एबल टू’ लिहावे.

हे मी व्याकरणाच्या हौसेने सांगत नाही. या एका शब्दाची किंमत मी स्वतः पाहिली आहे, आणि ती दुसऱ्याने भरली आहे.

साल १९८६. पुण्यातील एका पेठेतील शाखेत मी नवा अधिकारी होतो. आमचे वयस्कर रोखपाल, ज्यांना सारे अण्णा म्हणत, त्यांच्या रोकडीत एका संध्याकाळी पाच हजार रुपये कमी भरले. म्हणजे पन्नासच्या नोटांचे एक पूर्ण पाकीट. रात्री नऊपर्यंत शोधाशोध झाली. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी मेहुण्याकडून उसने आणून रक्कम भरली. त्या काळी ती त्यांच्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक होती. वरिष्ठ कार्यालयाला इंग्रजी अहवाल पाठवण्याचे काम माझ्याकडे आले. मनात मराठी वाक्य होते, ‘गर्दीत कोणाला तरी एक पाकीट जादा दिले गेले असावे.’ मी लिहिले की रोखपालाने ते न मोजता दिले असणार, आणि तेथे ‘मस्ट हॅव पेड’ योजले. एम.कॉम. झालेल्या माणसाला ते भारदस्त वाटले!

वरून अण्णांना खुलाशाचे पत्र आले. त्यात माझ्याच वाक्याचा आधार होता: शाखेच्या अधिकाऱ्यानेच खात्रीपूर्वक म्हटले आहे, त्या अर्थी निष्काळजीपणा उघड आहे. अण्णांना काउंटरवरून हलवले गेले. पेठेत बातमी पसरायला किती वेळ लागतो, हे आपणां व्यापाऱ्यांना मी काय सांगावे? पंचवीस वर्षांत जमवलेली पत एका आठवड्यात कुजबुजीचा विषय झाली.

तीन आठवड्यांनी मळक्या नोटा वर पाठवण्यासाठी तिजोरीतील गठ्ठे पुन्हा तपासले. एका गठ्ठ्यात दहाऐवजी अकरा पाकिटे निघाली. त्या गठ्ठ्यावर दुसरी सही माझी होती.

मी सुधारित अहवाल पाठवला, अण्णांचे पैसे परत मिळाले, ते पुन्हा काउंटरवर बसले. क्षमा मागण्यासाठी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, त्या रात्री तुम्ही माझ्याशी बोलताना ‘असावे’ म्हणालात. कागदावर ‘असलेच पाहिजे’ झाले. आम्ही तर्खडकरांच्या पाठमालेवर इंग्रजी शिकलो. आमचे मास्तर या दोहोंची गल्लत केली तर छडी मारीत.” छडी मला तेव्हा बसली.

‘असावे’ हा शब्द ‘असेल’ आणि ‘असणारच’ यांच्या मध्ये कोठेतरी उभा आहे. त्याला इंग्रजीत नेमका एक पहारेकरी नाही. अशा वेळी ‘मस्ट’ उचलण्यापेक्षा ‘प्रॉबॅब्ली’ हा साधा शब्द घालावा, आणि अंदाज कशावरून बांधला ते पुढे लिहावे. मी तेवढे केले असते, तर पुढचे सारे टळले असते.

कायद्याने हा भेद केव्हाच ओळखला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या चौथ्या कलमात ‘मे प्रिझ्यूम’ आणि ‘शॅल प्रिझ्यूम’ अशा दोन वेगळ्या पायऱ्या होत्या. पहिलीत न्यायालय एखादी गोष्ट गृहीत धरू शकते किंवा पुरावा मागू शकते. दुसरीत ती खोटी ठरेपर्यंत गृहीत धरावीच लागते. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हा भेद कायम आहे. धनादेश परत गेल्याच्या खटल्यातही १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातील कलम १३९ मध्ये ‘शॅल’ आहे: तो धनादेश देण्यापोटीच दिला होता असे गृहीत धरले जाते आणि तसे नव्हते हे दाखवण्याचा भार देणाऱ्यावर येतो. तेथे ‘मे’ असता, तर कित्येक धनादेशांची कथा निराळी झाली असती.

आणि आपल्या वाचकांना हे वेगळे का शिकवावे? स्याद्वादातील ‘स्यात्’ हा शब्द रूपाने ‘अस्’ धातूचे विधिलिङ् आहे, म्हणजे सामान्य संस्कृतात ‘असावे’, ‘असू शकेल’. इंग्रजीत त्याचे ‘मे बी’ किंवा ‘परहॅप्स’ असे भाषांतर पुष्कळदा होते आणि वाचणाऱ्याला वाटते की हा संशयवाद आहे. आपल्या आचार्यांनी मात्र तो ‘कथंचित्’ या अर्थाचा निपात मानला: अमुक अपेक्षेने पाहता हे असे आहे. त्यात डळमळीतपणा नाही. आपण कोठून पाहतो आहोत याची प्रामाणिक कबुली आहे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनाही १९५४ साली आपल्या शास्त्राच्या पायाविषयी लिहिताना या विचाराकडे वळावेसे वाटले, हे उगीच नव्हे.

तेव्हा इंग्रजी पत्र धाडण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मी कर्तव्य सांगतो आहे की अनुमान? गोष्ट आजची आहे की होऊन गेलेली? आणि मी हे पाहिले आहे, की केवळ मला तसे वाटते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘वाटते’ असे आले, तर ‘मस्ट’ला हात लावू नये.

आमच्या चिरंजीवांनी त्याच संध्याकाळी दुसरे पत्र लिहिले: रक्कम शुक्रवारी यायला हवी होती, ती अद्याप मिळालेली नाही, कृपया भरल्याचा तपशील पाठवावा. या वेळी ‘शुड हॅव’ होते. उत्तर येण्यास दोन दिवस लागले, पण त्यात आभार नव्हते. रक्कम पाठवण्याची तारीख होती.