राखण करा, पण गावठी बंदुकीच्या नादी लागू नका

शेतकरी बंधूंनो, उभ्या पिकात रानडुकरं घुसली की कुणीतरी सुचवतंच, 'लोहाराकडून एक नळी बसवून घे.' अमेरिकेत बऱ्याच राज्यांत स्वतःपुरती रायफल घरी जुळवायला परवाना लागत नाही; तिथं प्रश्न अवजारं कोणती घ्यावीत एवढाच. आपल्याकडं गाडी तिथवर जातच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणं विनापरवाना बंदूक बनवणंच काय, दुरुस्त करणंसुद्धा गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बनवणाऱ्याला किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. म्हणजे तुमच्याबरोबर लोहारही आत.

मग पीक राखायचं कसं? कायद्यानं वाट ठेवलीय. कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं करा. मात्र हा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. डुक्कर मारायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते.

पोलीस पाटलांनीही नुसता धाक घालू नये, अर्जाची वाट दाखवावी. अन् नुकसान झालंच, तर लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्या. भरपाई कमी-जास्त मिळेल, पण कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही.