कर्ज काढले, दरोडा घातला नाही!

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो,

कापूस विकला रे विकला की दारात जीप. खाकी पँट, हातात दांडका. "पैसे टाक, नाहीतर बेड्या!" आणि आपण भर गल्लीत हात जोडतो.

आम्ही विचारतो, कशाला? कर्ज थकणे हा गुन्हा नाही, दिवाणी मामला आहे. वसुली हे पोलिसांचे कामच नव्हे. उलट पोलिस असल्याची बतावणी करून धमकावणे हा गुन्हा आहे: भारतीय न्याय संहिता, २०२३, कलम २०४, कैद ६ महिने ते ३ वर्षे. पोट भरण्यापुरती शेती कसायला लागणारी औजारे, बैल, बियाणे तर दिवाणी न्यायालयालाही जप्त करता येत नाहीत. मग हे भाडोत्री कोण?

यापुढे एकट्याने बोलायचे नाही. शेजाऱ्यांना हाक मारा. नाव, बक्कल नंबर, ठाणे विचारा. न्यायालयाचा कागद मागा. गाडीचा नंबर लिहून घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. ११२ लावा, खरा पोलिस बोलवा. सावकाराचा माणूस असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करा.

देणे आम्ही नाकारत नाही. हिशेब चावडीवर मांडू. पण सोंगाड्याच्या खाकीपुढे मान झुकवणार नाही!