आपल्याच वकिलाविरुद्ध?



पोटगीसाठी तीन वर्षे तारखा करणारी एक बाई गेल्या महिन्यात केंद्रावर आली. लागोपाठ दोन तारखांना वकील फिरकले नाहीत आणि तिचा अर्ज निकालात निघाला. हेही तिला नवऱ्याकडून कळले. दुसरा वकील करावा, तर पहिले म्हणतात, उरलेली फी द्या, मग कागद नेा. दिलेल्या फीची एकही पावती नाही. मी तिला म्हटले, "जाऊ दे, आपण नवा अर्ज करू." कारण हेच वकील आमच्या केसेस कमी पैशांत चालवतात. लिहितानाही शरम वाटते.

खरे तर फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. तक्रारीत तथ्य दिसले तर ती तिघांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. समिती ताकीद देऊ शकते, सनद काही काळ निलंबित करू शकते, यादीतून नावही काढू शकते. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जाते. निकाल मान्य नसेल तर साठ दिवसांत तिथेच अपील, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालय.

पण समितीतले तिघेही वकीलच. त्यांच्यापुढे उभी राहणारी बाई एकटी. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली, तेव्हा ग्राहक आयोगाचे दारही बंद झाले. म्हणून या समितीत वकील नसलेली माणसे आणि स्त्रिया असाव्यात, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. वकीलपत्र वाचून सही, प्रत्येक पैशाची पावती, तारखांची वही, रोजनाम्याची नक्कल. आणि बाई तक्रार करू म्हणाली, तर वकील 'आपला' आहे म्हणून तिला गप्प न बसवणे. नवऱ्याच्या बाबतीत 'घरातली गोष्ट घरात' हे आपण कधी मान्य केले नाही, मग इथे का?

परवा मी तिला परत बोलावले. आधी तिची माफी मागितली. आता तक्रार तिच्याच शब्दांत लिहितो आहोत.